उसनं घर

सकाळचं ऊन कुंपणावर चढायच्या आत आईच्या चार खेपा झालेल्या असायच्या. कमरेला वाखाची, घायपाताच्या तंतूंची, जुडी गुंडाळायची, तिची शेंडी चाकाच्या आकड्यात अडकवायची आणि बोटांतून धागा सोडत सोडत उलटं चालायचं. चाकापाशी लेक बसलेली. ती मूठ फिरवते, आकडा गरगरतो, धाग्यात पीळ चढतो आणि आई पाऊल पाऊल मागे सरकते. साठ पावलांवर खांब. खांबाला पाठ टेकली की एक खेप झाली. मग धागा तिथे बांधायचा, तोंड वळवून परत यायचं, नवी जुडी घ्यायची की पुन्हा मागे.

वीस वर्षं ती अशी दोर वळत चालत होती. नवरा म्हणायचा, "एवढी सरळ चालली असतीस तर पृथ्वीला वळसा घालून आली असतीस."

"आणि घरात चूल कोणी पेटवली असती? तुमच्या त्या पृथ्वीने?"

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. कारण उघडच होतं, सात वर्षांची असल्यापासून ती चाकाला चिकटलेली. उजव्या हातात मूठ, डाव्या मांडीवर पुस्तक, आणि पान उडू नये म्हणून पुस्तकावर चपटा दगड. चाक फिरवता फिरवता ती सगळी शाळा शिकली. दगड सरकवून ती पान उलटायची तेव्हा चाक एक क्षण हळू व्हायचं, आणि ते आईला साठ पावलांवर, बोटांच्या पेरांत कळायचं. अवघड गणित आलं की चाक रेंगाळायचं, सुटलं की भन्नाट पळायचं. आई मनात म्हणायची, सुटलं वाटतं. वीतभर धागा जरा जास्त पिळाचा निघायचा. तो ती मोडायची नाही, तसाच पुढे जाऊ द्यायची.

त्या वर्षी पाऊस पोटभर झाला नव्हता. घायपाताची पानं बारकी, वाख आखूड आणि ठिसूळ. आखूड वाखाला जपून वळावं लागतं, घडीघडीला नवं टोक जोडावं लागतं. दोघींचं काम तिघांचं झालं होतं, आणि तिसरा माणूस घरात खाटेवर उशीला टेकून खोकत होता. वाखाची कुसळं वर्षानुवर्षं छातीत गेली की माणसाचं असंच होतं. त्यात बाजारात नायलॉनचे दोर आलेले, निळे नि पिवळे, खेळण्यासारखे. व्यापारी आईचा दोर हातात घेऊन असं तोंड करायचा की जणू कुणी त्याच्या हातात शेपटीच ठेवली.

अशात एका सकाळी शाळेच्या बाई कुंपणावरून वाकून ओरडल्या, "भिंगरी! अगं, यादीत नाव आलं तुझं!"

चाक थांबलं. आईच्या हातातला धागा सैल पडून त्याला गाठी बसल्या. एरवी तिने आकाशपाताळ एक केलं असतं.

बारा गावांच्या शाळांत भिंगरी पहिली आली होती. गावातली शाळा तिथेच संपत होती. पुढचं शिक्षण शहरात. तिथे राहायचं, जेवायचं, पुस्तकं, फी, सगळं एक संस्था शिष्यवृत्तीतून करणार होती. अर्ज बाईंनी नि भिंगरीने मिळून भरला होता. आईला त्यातलं एवढंच ठाऊक होतं की खाली सही करायची आणि ती तिने केली होती, चौथीपर्यंत शिकल्याचा मान राखून, पूर्ण नावाची.

"गुरुवारी संस्थेचे साहेब घर बघायला येतील," बाई म्हणाल्या. "तेवढं झालं की झालंच म्हणा. भिंगरी, तू मात्र त्या दिवशी सकाळीच शाळेत ये, दाखले तयार आहेत. दुपारपर्यंत परत जाशील."

बाई गेल्या. आईने गाठी सोडवायला घेतल्या, पण तिचं लक्ष घराकडे होतं. एक खोली, पुढे पडवी. एक खाट, एक ट्रंक, एक दिवा. भिंतीला वाखाच्या जुड्या टांगलेल्या, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारख्या.

घर बघायला येणार.

---

बाजाराला जाताना आई धुतलेले कपडे घालायची, केस चापून बांधायची, आणि पोटात काही नसलं तरी काडीने दात कोरत व्यापाऱ्यासमोर उभी राहायची. हे तिला सासूने शिकवलं होतं. "गरज दिसली की भाव पडतो," सासू म्हणायची. "जेवून आल्यासारखं तोंड ठेव. भुकेल्या माणसाचा दोरसुद्धा लोकांना कच्चा वाटतो." वीस वर्षांत हे वाक्य एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

म्हणून गुरुवारी भिंगरी शाळेकडे गेली आणि आई कामाला लागली.

दुकानदाराकडून चार खुर्च्या आल्या. "साहेब एकच येणार ना?" दुकानदाराने विचारलं.

"एक माणूस एकाच खुर्चीवर बसतो, हे त्याला कळायला नको का, की बाकीच्याही आहेत?"

शेजारची शिवणवाली वहिनी टेबलावरचा पंखा घेऊन आली, आणि पंखा ठेवून दारातच घुटमळली. "मशीन पण आणू का गं? वर चांगलं कापड टाकलं की घर कसं उठून दिसतं."

"आण."

ड्रायव्हरच्या बायकोने भिंतीवरचं घड्याळ दिलं. "बंद आहे हं."

"साहेब वेळ बघायला येणार आहेत की घर बघायला?"

दुकानदारीणबाईंचं आरशाचं कपाट चौघांनी खांद्यावर आणलं. दारातून आत जाईना तेव्हा ते आडवं केलं, तिरकं केलं, शेवटी दाराची फळी काढून आत घेतलं. आरशात अख्खी खोली दिसू लागली, एकाच्या दोन खोल्या झाल्या. वाखाच्या जुड्या शिवणवालीकडे लपवल्या. नवरा खाटेवरून हे सगळं बघत होता. त्याच्या अंगाखालची चादर बदलली, तेव्हा तो म्हणाला, "आता राहिलो मी. मलाही बदलून आण कुणाकडून तरी."

"कोणी देईना," आई म्हणाली. "विचारून आले."

तो हसला आणि हसता हसता खोकला. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं आणि मग दुकानदाराच्या कपबशा पुसायला घेतल्या.

साहेब दुपारी आले. मोठे साहेब असतील असं वाटलं होतं. आला तो बारीकसा, चाळिशीकडे झुकलेला तपासनीस, खांद्याला पिशवी, बुटांवर रस्त्याची धूळ. बसथांब्यापासून चालत आला होता. आईने त्याला आरशासमोरच्या खुर्चीवर बसवलं. पंखा त्याच्याकडे वळवला. त्याने पिशवीतून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली.

"पंखा चांगला आहे."

"आहे आपला," आई म्हणाली.

"शिवणकाम कोण करतं?"

"मीच. फावल्या वेळात."

"घड्याळ बंद दिसतंय."

"सेल आणायचाय."

तो खूण करायचा नि पुढच्या ओळीवर जायचा. आईला बरं वाटत होतं. माणूस इतकं लिहितोय म्हणजे पसंत पडलेलं दिसतंय.

"मुलगी घरकामात, धंद्यात मदत करते का?"

"छे हो. पोरीला काडी उचलू देत नाही आम्ही. अभ्यास एके अभ्यास."

खाटेवरून नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

तपासनिसाने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि उठताना म्हणाला, "ताई, तुमचं छान आहे सगळं." त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ते काय होतं ते तिला नंतर कळलं.

तो कुंपणाबाहेर पडत होता तेव्हा भिंगरी दाखल्यांची पिशवी छातीशी धरून धावत येत होती. दोघं समोरासमोर आली. त्याने मान हलवली नि निघून गेला. भिंगरी पडवीत आली. खुर्च्या पाहिल्या, पंखा पाहिला, आणि मग आरशात स्वतःला पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? घर नीट केलं."

"अगं, शिष्यवृत्ती गरिबांची आहे! आपल्याकडे काय आहे ते बघायला नाही येत ते. काय नाही ते बघायला येतात!"

"काय नाही ते बघायला कोण जातं कुणाच्या घरी?" आई म्हणाली. पण म्हणता म्हणताच साहेबाने मारलेल्या सगळ्या खुणा तिला आठवल्या.

संध्याकाळी सामान परत पोचवलं. भिंगरीने पंखा नेला, घड्याळ नेलं, खुर्च्या दोन दोन करून नेल्या. एक शब्द बोलली नाही. आरडाओरडा केला असता तर आईला परवडलं असतं.

---

आठवड्याने पत्र आलं. बाईंनीच वाचून दाखवलं. कुटुंबाची स्थिती समाधानकारक आढळल्याने अर्ज नामंजूर.

"समाधानकारक!" नवरा खाटेवर उठून बसला. "लग्नाला वीस वर्षं झाली आणि आपल्याला पत्ताच नाही!"

बाई चष्मा पुसत म्हणाल्या की आता धीर सोडू नका, पुढच्या वेळी बघू, आणि पुढच्या वेळी म्हणजे काय हे त्यांनाही सांगता आलं नाही. शहरातल्या शाळेत नाव घालायला बारा दिवस उरले होते.

"मी चाक फिरवते," भिंगरी म्हणाली. "तेच बरं. निदान ते कुणाकडून आणलेलं नाही."

आई उठली. वाक्य नेमकं लागायचं तिथे लागलं होतं. "उद्या चाक बंद," ती म्हणाली. "मी शहरात जाते."

संस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. फरशी इतकी गुळगुळीत की आईला सारखं वाटत राहिलं, पाय सटकेल. बाकावर बसली तर शिपाई म्हणाला, हा बाक देणगीदारांचा, मागच्या बसा. मागच्या बाकावर ती दोन तास बसली. शेजारची बाई तिच्या हातांकडे बघत होती. वाखाने हातांना बारीक चिरा पडतात आणि त्यांत हिरवट काळं भरून बसतं, कितीही घासलं तरी जात नाही. तिने हात काखेत घेतले. मग तिलाच राग आला नि तिने ते काढून मांडीवर ठेवले, पालथे, सगळ्यांना दिसतील असे.

तपासनिसाने तिला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. पंखा, मशीन, कपाट. मग म्हणाला, "ताई, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"आता खरं बोलताय हे कशावरून?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं, खणातून एक छापील कागद काढला आणि खुर्ची जवळ ओढली. माणूस वाईट नव्हता.

"असं करा. यावर सही द्या. मग दुसरी भेट लावता येते."

तिने बोट ठेवून वाचलं. मी खोटी माहिती देऊन संस्थेची दिशाभूल केली. त्याबद्दल मी बिनशर्त क्षमा मागते. आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून आम्ही संस्थेच्या दयेवर अवलंबून आहोत.

"आणि त्या दिवशी," त्याचा आवाज खाली गेला, "समजून घ्या जरा. भांडी घासूनपुसून मांडू नका. मुलीचे चांगले कपडे नकोत. डोळ्याला पाणी आलं तर येऊ द्या. वरच्या मॅडमना अहवालात तसं काही लागतं. सगळे करतात."

आईने कागदावरचं बोट उचललं.

"म्हणजे त्या वेळी खुर्च्या आणल्या ते चुकलं, आणि आता फाटकं कांबळं आणायचं?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. गावात तेही मिळेल म्हणा, फाटकं कोणीही देतं. पण साहेब, एकदा उसनं घर दाखवून माझी पोर माझ्याशी बोलेनाशी झाली. दुसऱ्यांदा दाखवलं तर मी तिला काय तोंड दाखवू?"

तपासनीस हसला नाही, पण त्याने मिशीवरून हात फिरवला.

"मग सही?"

"कागद नेते. वाचून बघते नीट. तुम्ही या. कधी येताय ते मात्र सांगू नका. सांगितलंत तर आम्ही पुन्हा काहीतरी करू. आमचा भरवसा नाही."

---

तो आला नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. भिंगरी चाकावर बसायची, पण पुस्तक आणायची नाही. आईच्या बोटांत धागा गुळगुळीत यायचा, एकसारखा, कुठे रेंगाळणं नाही की पळणं नाही. असा सुबक दोर तिने कधी वळला नव्हता, आणि तो तिला बघवत नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी ती पुस्तक घेऊन चाकापाशी गेली. स्वतःच त्यावर दगड ठेवला. "वाच," म्हणाली.

"कशाला?"

"चाक फिरवायचं ते मुकाट्याने फिरवतेस, मग मुकाट्याने वाचही."

आणि नेमकी तिची तिसरी खेप अर्ध्यावर असताना तपासनीस कुंपणातून आत आला. आई तीस पावलांवर होती, कमरेला वाख, दोन्ही हातांत ताणलेला धागा. त्याने लांबूनच हात वर केला. "ताई, जरा थांबता का?"

"थांबता येत नाही, साहेब! धागा सैल पडला की गुंता होतो. चालता चालता विचारा!"

त्याला काय करावं कळेना. मग तो धाग्याच्या कडेकडेने चालू लागला. ती मागे जात होती, तो पुढे येत होता, दोघांची तोंडं एकमेकांकडे. फॉर्म काढून बघितला, पण चालताना लिहिता येईना.

"पंखा कुणाचा?" तो मोठ्याने म्हणाला.

"शिवणवालीचा!"

"मशीन?"

"तिचंच!"

कुंपणापलीकडून शिवणवालीचं डोकं वर आलं. "दोन्ही माझं हो, साहेब! हप्ते चालू आहेत अजून!"

"खुर्च्या, कपाट?"

"दुकानदाराच्या घरचं. घड्याळ ड्रायव्हरचं. आणि ते त्याच्याकडेही बंदच असतं."

"मग तुमचं काय?"

ती दोन पावलं मागे गेली. बोटं चालूच होती.

"चाक आमचं. ही जागा गावची, चालायला देतात. आतला माणूस माझा. आणि ती."

"मुलगी काम करत नाही म्हणाला होतात."

"ते सगळ्यात मोठं खोटं," आई म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खाली आला नाही, वरच चढला, चाकापर्यंत पोचेल असा. "सातव्या वर्षापासून चाक तिच्या हातात आहे. तिच्या तळहाताला माझ्यापेक्षा जाड घट्टे आहेत. तिने फिरवलं म्हणून आम्ही जेवलो. आणि फिरवता फिरवता ती बारा गावांत पहिली आली. हे लिहा. थांबा. आत्ता बघा, पान उलटलं तिने."

तो गर्रकन वळला. भिंगरी चपटा दगड पानावर परत ठेवत होती.

"तुम्हाला तर इथून पुस्तकही दिसत नाही."

"बोटांना दिसतं."

खांब आला. तिथे टोक धरायला आजारी पडायच्या आधी नवरा यायचा. आतून नुसता खोकला ऐकू येत होता. आईने बांधून ठेवलेले दोन धागेही सोडवून तिन्हींचं टोक पुढे केलं. "धरा."

"मी?"

"दोन्ही हातांनी. हे तीन धागे एकत्र करायचेत आता. सोडू नका. सोडलंत तर सकाळपासूनचं सगळं उलगडेल."

त्याने फॉर्म दातांत धरला आणि टोक हातात घेतलं. पिळाने भरलेला धागा हातात धरला की तो माणसाला ओढतो, वळतो, निसटायला बघतो. तपासनिसाचे खांदे ताठ झाले, पाय रुतले. आई तीन खाचांचा लाकडी लट्टू तीन धाग्यांत बसवून चाकाकडे निघाली, सावकाश, आणि तिच्या मागे तीन धाग्यांचा एक दोर होत गेला. साठ पावलं तिकडे. तो उभा. कपाळावरचा घाम पापणीवर आला, पुसायला हात नव्हता. दुकानदार येऊन उभा राहिला, ड्रायव्हरची बायको आली. "साहेब, शोभताय बरं का," दुकानदार म्हणाला. साहेबाच्या दातांत फॉर्म होता म्हणून त्याला काही म्हणता आलं नाही.

दोर पुरा झाल्यावर आईने येऊन टोक सोडवलं. त्याचे तळहात लाल झाले होते. तो पडवीत जमिनीवर बसला, पाणी प्याला आणि बराच वेळ लिहीत राहिला. वाखाची कुसळं त्याच्या बाहीला चिकटली होती.

"आता तो कागद," शेवटी तो म्हणाला. "सहीचा."

आईने ट्रंकेतून घडी केलेला कागद काढून त्याला परत दिला. होता तसाच, सहीवाचून. मग भिंगरीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं, जमिनीवर बैठक मारली आणि लिहायला लागली. चौथीनंतर तिने सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर काढून झालं की ती पेन उचलायची, पाहायची, मग पुढचं. भिंगरी मदतीला वाकली तर तिने कोपराने तिला मागे सारलं.

तिने लिहिलं होतं:

"साहेब घरी येणार म्हणून मी शेजाऱ्यांकडून सामान आणले. ते माझे आहे असे म्हणाले ते खोटे. मुलगी काम करत नाही म्हणाले तेही खोटे. पाहुण्याला बसायला खुर्ची दिली याची माफी मी मागणार नाही. आम्ही हलाखीत नाही, आम्ही कामात आहोत. या कामात मुलीची शाळा बसत नाही. मुलगी शिकणार आहे. संस्थेला हात लावायचा असेल तर लावावा."

खाली पूर्ण नावाची सही.

तपासनिसाने दोनदा वाचलं. "ताई, हे चालणार नाही."

"चालवून बघा."

तो गेल्यावर नवरा भिंतीला धरत पडवीत आला. चाकापाशी जाऊन भिंगरीच्या जागेवर बसला, मूठ धरली, चार फेरे फिरवून बघितलं.

"बसल्या बसल्या जमतंय की," तो म्हणाला. "खोकला आला की तेवढा पीळ वाकडा पडेल. गिऱ्हाइकाला सांग, नवी नक्षी आहे."

---

नावं घालायची शेवटची तारीख होती, त्याच दिवशी बोलावणं आलं. या वेळी दोघी गेल्या. शिपायाने मागच्या बाकाकडे बोट दाखवायच्या आत आई पुढच्यावर बसली.

वरच्या मॅडमची खोली थंड होती. मॅडमच्या समोर आईचं वहीतलं पान, काचेच्या वजनाखाली. तपासनीस दाराशी उभा. मॅडमनी चष्म्यातून आधी आईकडे पाहिलं, मग भिंगरीकडे.

"अहवाल चांगला आहे. सामान ज्याचं त्याच्या नावावर लागलंय. मुलीचे गुण तर प्रश्नच नाही. पण हे," त्यांनी पानावर नख टेकवलं, "'माफी मागणार नाही', आणि 'हात लावायचा असेल तर लावावा'. ही काय भाषा झाली? समितीपुढे हे ठेवता येत नाही. ही दोन वाक्यं खोडा, खाली सही करा. आत्ता मंजूर करते."

पेन पुढे आलं. चांगलं जड पेन होतं.

आईने ते घेतलं. खोडायला एक रेघ पुरली असती. खाली रस्त्यापलीकडे शाळेची नाव घालायची खिडकी तीन वाजता बंद होणार होती. खोडलं तर पोर आज त्या रांगेत. नाही खोडलं तर उद्या चाकावर. साठ पावलं, आणि जन्मभर साठ पावलं.

"मॅडम, खरं लिहिलेलं खोडायचं, तर मी आधी खोटं बोलले तेच काय वाईट होतं?"

"हट्टीपणा आहे हा," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्ची भिंगरीकडे वळवली. "नुकसान तुझं होणार आहे, बाळ. आईला तू समजाव."

आईने लेकीकडे पाहिलं. खोड म्हणाली असती तर आईने खोडलं असतं. त्याच क्षणी, डोळे मिटून. पोरीच्या ओठावर घाम आला होता, आणि दाखल्यांची पिशवी तिने दोन्ही हातांनी अशी धरली होती की कागद चुरगळत होते.

"मला शिष्यवृत्ती हवी आहे, मॅडम," भिंगरी म्हणाली. "फार हवी आहे. पण ते पान मी वाचलंय. त्यात खोडण्यासारखं काही नाही."

मग ती आईजवळ आली, तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. सरळ, काठाला समांतर.

दाराशी तपासनिसाने घसा खाकरला आणि तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

मॅडमनी पान वजनाखालून ओढलं. "हे असंच फाइलला लागेल. कायमचं. दरवर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण होतं. दरवर्षी कोणीतरी नवा माणूस ही फाइल उघडणार आणि हे वाचणार. कळतंय ना?"

"वाचू द्या," आई म्हणाली. "अक्षर स्वच्छ आहे."

मॅडमनी सही केली. शिक्का मारताना मात्र तो असा हाणला की टेबलावरचं काचेचं वजन जागचं उडालं.

शाई ओलीच होती. आईने मंजुरीचा कागद दोन बोटांत धरून फुंकर घातली, एकदा, दोनदा, आणि लेकीच्या हातात दिला.

"पळ," ती म्हणाली. "खिडकी बंद होईल."